मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन, जळगावच्या हॉस्पिटलातले सहा दिवस, जसं झालं तसं

यंदा जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, माझ्या मायच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा बदलायचं, जळगावला एका प्रायव्हेट हॉस्पिटलात. तेव्हापासून निदान पंधरा जणांनी फोन करून विचारलं की कसं आहे, किती दिवस ठेवतात, किती पैसे लागले, म्हातारीला झेपलं का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही कारण मला चांगलं पण लिहायचंय आणि वाईट पण, आणि ज्या सिस्टरांनी मायचं इतकं केलं त्यांच्या नोकरीवर माझ्यामुळे काही यायला नको.

आधी घरचं सांगते म्हणजे बाकीचं समजेल. माय ६८ ची, अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात राहते, शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. आयुष्यभर कापूस वेचला, निंदणी केली, चुलीपुढे बसून भाकरी थापल्या. गुडघे चार-पाच वर्षांपासून गेलेले, दोन्ही पाय कमानीसारखे बाहेर वळले होते, संडासला जायचं म्हणजे भिंत धरून. भाऊ पुण्याला कंपनीत आहे, मी भुसावळला दिलेली, त्यामुळे जळगाव मला जवळ, अर्ध्या तासाची गाडी, म्हणून धुळे, नाशिक सगळं विचारून शेवटी जळगावच ठरलं. माय कापूस घरात आल्याशिवाय तयार नव्हती आणि एकच म्हणणं होतं, आखाजीले माले चालता ये जो (अक्षय्य तृतीयेला मला चालता आलं पाहिजे).

पहिली गोष्ट चांगली सांगते. हाडाच्या डॉक्टरांनी घाई केली नाही. आम्ही नोव्हेंबरात पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एक्सरे उभं राहून काढला (झोपून काढला तर हाडातली जागा किती संपली ते बरोबर दिसत नाही असं ते म्हणाले), आणि एचबीए वन सी आली ८.६, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर जास्त. ते सरळ म्हणाले आत्ता करणार नाही, शुगर एवढी असताना जखम पिकायची भीती, आधी खाली आणा मग या. दुसरं, तिची एक दाढ किडलेली होती, ती आधी काढून या म्हणाले. मला तेव्हा वाटलं गुडघ्याचा आणि दाढेचा काय संबंध, पण तोंडात नाहीतर लघवीत कुठे इन्फेक्शन असलं तर ते रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसू शकतं आणि मग तो सांधा परत उघडावा लागतो. लघवी पण म्हणूनच तपासली. दुसरं कोणी असतं तर पेशंट हातचा जाईल म्हणून लगेच तारीख दिली असती, यांनी दोन महिने परत पाठवलं. यासाठी मी त्यांना मनापासून मानते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी भरती. आणि इथूनच एक गोष्ट सुरू झाली जी सहा दिवस चालली, आणि माझ्या या सगळ्या लिहिण्याचा मुद्दा तोच आहे. या हॉस्पिटलात सगळं आहे, पण मागितल्यावर निघतं. आपणहून कोणी देत नाही, सांगत नाही. आणि माझ्या मायसारखी बाई मागत नाही, तिला वाटतं डॉक्टर लोक बिझी असतात, त्रास कशाला द्यायचा.

पहिलं उदाहरण संमतीच्या फॉर्मचं. काउंटरवरच्या मुलाने चार पानं इंग्लिशमध्ये पुढे सरकवली, इथे सही, इथे सही, इथे पेशंटचा अंगठा. भाऊ करायला लागला पण मी हात धरला, म्हटलं दादा थांब, मायला कळलं पाहिजे कशावर अंगठा लावतेय ते. मराठीत आहे का विचारलं तर त्याने ड्रॉवर उघडला आणि छापलेला मराठी फॉर्म काढला! म्हणजे होता, गठ्ठाच होता. मी मायला अख्खा वाचून दाखवला, रक्त द्यावं लागू शकतं, गुठळी होऊ शकते, इन्फेक्शन होऊ शकतं, सांधा पंधरा-वीस वर्षांनी झिजू शकतो. माय घाबरेल असं भावाला वाटत होतं, ती घाबरली नाही, सगळं ऐकून मग सही केली, अंगठा नाही, सही, तिला येते. ज्यांना जायचंय त्यांनी मराठी फॉर्म मागाच.

इन्शुरन्सचं पण इथेच सांगते. भावाच्या कंपनीची पॉलिसी आहे, आईबाप धरून, त्यात रूमचं भाडं दिवसाला ४००० पर्यंत. काउंटरवाल्याने डिलक्स रूम खाली आहे ५५००, ती घ्या म्हणून सांगितलं, वरचे दीड हजार तुम्ही भरा एवढंच म्हणाला. भावाने नशिबाने पॉलिसी वाचलेली होती. पुष्कळ पॉलिसीत अशी अट असते की लिमिटच्या वरची रूम घेतली तर फक्त रूमचा फरक कापत नाहीत, डॉक्टरची फी, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचा चार्ज, नर्सिंग यातून पण त्याच हिशोबाने टक्का कापतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर तसं कापायचं नाही असा नियम आहे, पण बाकीच्यातून कापतात. म्हणजे रोजच्या दीड हजारावर भागत नाही, तिथे तीस-चाळीस हजाराचा खड्डा पडू शकतो. आम्ही ट्विन शेअरिंग घेतली, दोन पेशंट एका खोलीत, मधे पडदा. बाजूला पारोळ्याकडच्या एक आजी होत्या, खुब्याचं फ्रॅक्चर, त्यांच्या सुनेची आणि माझी इतकी ओळख झाली की आजही फोन असतो.

संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर आले. या माणसाबद्दल किती लिहू. त्यांनी मायला विचारलं, मावशी, काही औषधं चालू आहेत का, माय म्हणाली शुगरची, बीपीची. अजून काही? नाही. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "माय, पुड्या बिड्या लेस का तू गुडघासाठे?" आणि माय एकदम मोकळी झाली. सगळं सांगितलं, बाजाराच्या दिवशी एक जण जोडदुखीच्या पुड्या विकतो, दोन वर्षांपासून घेतेय, घेतली की दुसऱ्या दिवशी पाय हलका वाटतो. मला माहीत नाही, भावाला माहीत नाही, हाडाच्या डॉक्टरांना पण नाही. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यानेच शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जखम भरायला वेळ लागतो, आणि जास्त दिवस घेतलेलं असलं तर ऑपरेशनच्या वेळी बीपी खाली जाऊ शकतो कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं. त्यांनी फाईलवर लाल पेनाने लिहिलं आणि ओटीत त्याची तयारी ठेवली. मिश्री लावायचं पण तिने त्यांनाच खरं सांगितलं. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका मराठीत विचारलं की शाळेत उत्तर दिल्यासारखं बोलतात, अहिराणीत विचारलं की घरातलं बोलतात, हा फरक मी डोळ्याने बघितला. तुमचं माणूस ॲडमिट करताना त्याचं सगळं औषधाचं गाठोडं, पुड्या, काढे, तेलं, सगळं पिशवीत भरून न्या आणि डॉक्टरपुढे ओता.

कमरेत भुलीचं इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर दुखते हे गावातल्या बायांनी तिच्या डोक्यात भरवलेलं होतं. भूलवाल्या डॉक्टरांनी नीट समजावलं की सुई फार बारीक असते, टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखू शकतं, कंबर जी नंतर दुखते ती बहुतेक वेळा आधीपासूनचीच असते. आणि पूर्ण झोपवण्यापेक्षा अशा वयाला हे बरं.

आता वाईट. रात्री दहानंतर काही नाही, पाणी पण नाही, सकाळी आठला पहिला नंबर, असं सिस्टर सांगून गेली. शुगरच्या पेशंटला शक्यतो पहिलं घेतात, म्हणून बरं वाटलं. सकाळी सहाला तयारी झाली. आठ वाजले, नऊ, दहा, कोणी काही सांगेना. माय तोंड कोरडं पडून जीभ ओठावर फिरवतेय, पाणी मागत नाही. साडेदहाला मी स्वतः ओटीच्या दाराशी जाऊन विचारलं तेव्हा कळलं रात्री हायवेवरचा ॲक्सिडेंट आलाय, पोरगा सिरीयस आहे, त्याला घेतलंय. त्याला आधी घेतलं यात काहीच चूक नाही, कोणाचं तरी लेकरू होतं. पण एक माणूस वर येऊन सांगू शकत होता. मी म्हटलं शुगर तरी बघा, तेव्हा सिस्टरने टोचून बघितली, ७८ निघाली, लगेच ग्लुकोजची बाटली लावली. म्हणजे मी विचारलं नसतं तर? दीडला तिला आत नेलं, साडेपंधरा तास पाण्याविना. नंतर मी भूलवाल्या डॉक्टरांना विचारलं तर ते स्वतः नाराज झाले, म्हणाले जेवण सहा ते आठ तास आधी बंद हे बरोबर, पण साधं पाणी बऱ्याच पेशंटला दोन तास आधीपर्यंत चालतं, मला फोन केला असता तर मी दोन घोट द्यायला सांगितले असते. हे आपण आपल्या मनाने करायचं नाही, पोटात काही असलं तर भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं, पण नंबर पुढे गेला की लगेच विचारायचं, आता पाणी चालेल का, शुगर कधी बघणार.

मंगळसूत्राचं सांगायचं राहिलं. ओटीत अंगावर धातू चालत नाही, रक्त थांबवायला जे करंटचं मशीन वापरतात त्याने धातूच्या जागी चटका बसू शकतो. बांगड्या काढल्या, जोडवी साबण लावून काढली, पण मंगळसूत्राला माय हात लावू देईना. बाबा बाहेर बाकावर बसलेले, ते जिवंत असताना गळा मोकळा ठेवायचा नाही. भाऊ चिडायला लागला. तेव्हा एक सिस्टर, जेमतेम तेवीस-चोवीस वर्षाची पोरगी, तिने काय केलं, मायचं मंगळसूत्र जुनं होतं, पोत सुटलेली होती, त्यातले पाच काळे मणी काढले, दोऱ्यात ओवले आणि मायच्या डाव्या मनगटाला बांधून वरून पट्टी लावली. काचेचे मणी, दोरा, धातू काही नाही. माय एक शब्द बोलली नाही, फक्त तिच्या गालावरून हात फिरवला. मी रडले तिथे.

ओटीत नेण्याआधी तीन जणांनी तीन वेळा विचारलं, नाव काय, कोणता पाय. माय वैतागली की यांना अजून माहीत नाही का कोणता पाय. पण ते मुद्दाम विचारतात, चुकीच्या बाजूचं होऊ नये म्हणून, डॉक्टरांनी स्वतः येऊन उजव्या मांडीवर पेनाने बाण काढला होता. याला मी पूर्ण मार्क देते.

ऑपरेशन तसं दीड तासाचं. बाहेर यायला चार वाजले कारण नंतर रिकव्हरीत ठेवतात. बाहेर आली तेव्हा थरथर कापत होती, दात वाजत होते, आम्ही घाबरलो, पण कमरेतल्या भुलीनंतर असं खूप जणांना होतं, गरम हवेचं पांघरूण टाकलं, वीस मिनिटांत थांबलं. पाय कमरेखाली बधिर. तिने हाताने मांडी चाचपून मला विचारलं, "हाऊ पाय मना शे का वं?" मी म्हटलं तुनाच शे माय. लघवीची नळी लावलेली होती, जखमेच्या बाजूने एक रक्ताची नळी, दुसऱ्या दिवशी दोन्ही काढल्या.

इम्प्लांटचा स्टिकर फाईलमध्ये लावलेला होता, कंपनी, साईज, बॅच नंबर सकट, त्याचा फोटो काढून ठेवा, उद्या कधी काही झालं तर तोच लागतो. आणि किमतीचं, २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली, जो सगळ्यात जास्त वापरतात त्या कोबाल्ट क्रोमच्या सेटला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असं ठरलं होतं. त्याआधी याच वस्तूचे लाखाच्या वर पण घ्यायचे. त्यामुळे कोणी तुम्हाला फक्त इम्प्लांटचेच दीड लाख सांगत असेल तर बिल मागा, कोणत्या धातूचा, एमआरपी किती, विचारा. आमच्याकडे बरोबर लावलं होतं, पॅकेज सगळं धरून १ लाख ८० हजार.

पहिली रात्र. बधिरपणा उतरला की दुखणं येतं, आणि ते येतं रात्री एक-दोनला. माय उशीचा कोपरा दातात धरून पडलेली, विचारलं तर "माले काय नही जयं, मी बरी शे." रात्रपाळीची सिस्टर आली, दुखण्याला दहापैकी किती मार्क द्याल आजी? माय म्हणते दोन. सिस्टरने तिची नाडी बघितली, ११० च्या वर, तिला कळलं. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की ताई, दुखणं डोक्यावरून पाणी जाईपर्यंत थांबायचं नाही, वाढायच्या आधी औषध दिलं तर थोड्यात भागतं, वाढल्यावर दुप्पट देऊन पण भागत नाही, आणि दुखतंय म्हणून पाय हलवला नाही तर रक्ताची गुठळी होऊ शकते. मग मी मायला म्हटलं, माय तुले किती दुखी ऱ्हायनं खरं सांग, तर म्हणाली, बाळंतपणाएवढं. लिहिलं तिने फाईलवर, दहापैकी नऊ. ड्रिपमधून दिलं, तासाभरात झोपली. त्या औषधाने मळमळ होते, एकदा उलटी झाली, त्यावर पण इंजेक्शन आहे, ते पण मागितल्यावर.

दुसरी रात्र मी विसरणार नाही. बाहेर थंडी, आपल्याकडे जानेवारीत रात्री कशा गारठतात माहिती आहेच, कॉरिडॉरमधून वारा येत होता, मला बाकावर डोळा लागला आणि अडीचला माय उठून बसायला लागली, सलाईनची नळी ओढतेय, ओरडतेय, "कापूस भिजी ऱ्हायना, ऊठ, ताडपत्री टाक." मला ओळखलं नाही. माझ्या आत्याच्या नावाने हाक मारत होती, ती वारून दहा वर्षं झाली. माझ्या हातापायातलं बळ गेलं, वाटलं मेंदूत काही झालं. सिस्टर धावत आली, ऑक्सिजन बघितला, शुगर बघितली, बीपी बघितला, डॉक्टरला फोन केला. मग मला शांतपणे म्हणाली, ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असं होतं ताई, भूल, दुखण्याची औषधं, झोप नाही, अनोळखी जागा, दोन-तीन दिवसात बहुतेकांचं आपोआप निवळतं. लाईट लावा, चष्मा घाला तिला, हात धरा, वाद घालू नका, वार सांगा, कुठे आहोत ते सांगत राहा. मी चष्मा घातला, हात धरला, आणि म्हटलं माय आज गुरुवार शे, आपण जळगावले शेतस, कापूस इकाई गया, सगळा घर उना (कापूस विकला गेला, सगळा घरी आला). असं पाच-सहा वेळा. पहाटे पहाटे म्हणाली, तू कव्हय उनी वं (कधी आलीस गं)? बस, तेव्हा जीवात जीव आला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठणठणीत, तिला काही आठवत नव्हतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं की असं होऊ शकतं, तर ती रात्र इतकी भयानक गेली नसती. एका कागदावर चार ओळी छापून द्यायला काय लागतं? वय ६५ च्या पुढे असेल तर रात्री घरचंच माणूस जवळ ठेवा, चष्मा, कानाचं मशीन, दातांची कवळी जे असेल ते रात्री हाताशी ठेवा.

फिजिओथेरपिस्ट मॅडम एकदम कडक आणि मला फार आवडल्या. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी वॉकर घेऊन उभं केलं. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं, चक्कर येते का बघितलं, मग उभं, मग चार पावलं खिडकीपर्यंत. माय सरळ उभी राहिली आणि खाली बघून म्हणाली पाय सरळ झाला. खरंच सरळ झाला होता, डावा वाकडा आणि उजवा काठीसारखा. मॅडमनी एक गोष्ट दहा वेळा सांगितली, गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. बरं वाटतं म्हणून सगळे ठेवतात आणि मग गुडघा पूर्ण सरळ होत नाही, कायमचा वाकडा राहतो. ठेवायचंच असेल तर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी. तासातासाला पंजा वरखाली करायचा, पोटऱ्या हलत्या ठेवायच्या. रोज पोटात एक रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, त्याने पोटावर निळे डाग पडतात, घाबरू नका. घरी जाईपर्यंत गुडघा काटकोनात वाकला पाहिजे असं त्यांचं टार्गेट, मायचा ८५ अंशांपर्यंत गेला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे चौथ्या दिवशी करून घेतलं.

गाऊनचं एक वाईट वाटलं. मागून उघडा, नाड्यांचा. जन्मभर डोक्यावरचा पदर खाली न पडू दिलेली बाई, तिला तसं कॉरिडॉरमधून चालवत होते, पुरुष बसलेले. माय चालायला तयार नाही, सगळ्यांना वाटलं दुखतंय म्हणून, मला कळलं का ते. वॉर्डबॉय मामाला विचारलं तर त्याने लगेच दुसरा गाऊन आणून दिला, उलटा वरून घातला की झाकलं जातं. परत तेच, होतं, पण मागितल्यावर. कमोडवर ठेवायची उंच सीट पण अशीच, दोन दिवस बेडपॅनवर काढल्यावर पारोळ्याच्या आजींच्या सुनेने सांगितलं की स्टोअरमध्ये आहे.

जेवण ठीक. शुगरची वेगळी थाळी, मूगडाळ, दुधी, पोळी, मीठ कमी, मायने दोन दिवस शिवलं नाही. तिसऱ्या दिवशी डाएटच्या मॅडमला विचारून वहिनीने कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि पालकाची भाजी आणली, मिरची जरा कमी टाकून, तेव्हा पोटभर जेवली, आणि त्या दिवशी व्यायाम पण नीट केला. भेटायला येणाऱ्यांवर हॉस्पिटल कडक आहे, संध्याकाळी पाच ते सात, एका वेळी दोन माणसं, आणि पलंगावर बसायचं नाही. गावाहून एक गाडी भरून बायका आल्या, खाली अडवल्यावर नाराज झाल्या, केळ्याची फणी आणि नारळ वॉचमनकडे ठेवून गेल्या. मी नंतर सगळ्यांना फोन केला, पण नियम बरोबर आहे, नव्या सांध्याला बाहेरचं इन्फेक्शन लागलं तर सगळं मातीत. सोबतच्या माणसाची मात्र हाल, एक अरुंद बाक, गारठा, कॅन्टीन रात्री नऊला बंद. जाताना जाड गोधडी, थर्मास, लांब वायरचा चार्जर न्या.

शेवटचा दिवस सगळ्यात वाईट. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले सुट्टी. निघालो संध्याकाळी पावणेसातला. काउंटरवर विचारलं की उत्तर एकच, इन्शुरन्सकडून अप्रूव्हल आलं नाही. भावाने इन्शुरन्स कंपनीच्या नंबरवर फोन लावला तर ते म्हणे हॉस्पिटलने फायनल बिल अडीचला पाठवलं. म्हणजे साडेचार तास बिल इथेच मेडिकलच्या क्लिअरन्ससाठी पडून होतं आणि आम्हाला सांगत होते पुढून आलं नाही. २०२४ च्या मे महिन्यातल्या आयआरडीएआयच्या (इन्शुरन्स कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सर्क्युलरप्रमाणे डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत इन्शुरन्सवाल्यांनी मंजुरी द्यायची असते, त्यांच्यामुळे उशीर झाला तर वाढलेला खर्च त्यांचा. पण ते तीन तास मोजायचे हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून. म्हणून आदल्या संध्याकाळीच काउंटरवर जाऊन सांगा, उद्या सुट्टी आहे, उरलेली औषधं आजच परत करून घ्या, बिल सकाळी पाठवा. ताज्या ऑपरेशनची म्हातारी बाई पावणेनऊ तास कपडे घालून तयार बसून राहिली, पाय सुजला. हे मी लेखी तक्रारीत दिलंय, उत्तर अजून नाही. आमच्या खिशातून ११,४०० गेले, ग्लोव्हज, चादरी, फाईल चार्ज असलं इन्शुरन्समध्ये बसत नाही ते.

सुट्टीच्या कागदावर काय झालं की लगेच यायचं ते मात्र स्वच्छ मराठीत लिहून दिलं, ताप, जखमेतून पाणी, पोटरी एकदम सुजून दुखणं, दम लागणं. दम लागला तर फोन करत बसू नका, सरळ जवळच्या दवाखान्यात, असं सिस्टरने वेगळं सांगितलं. चौदाव्या दिवशी पिना काढल्या. गावात फिजिओथेरपिस्ट कुठून येणार, मॅडमनी मोबाईलवर व्यायामाचे व्हिडीओ पाठवले आणि पहिला महिना दर रविवारी व्हिडीओ कॉलवर गुडघा किती वाकतो ते बघितलं, याचे पैसे घेतले नाहीत. घरी आम्ही खुर्चीचा कमोड आणला, देवघर ओट्यावर उचलून ठेवलं कारण खाली मांडी घालून बसायचं नाही, चूल बंद, गॅस उभ्याने.

मार्क द्यायचे तर ऑपरेशन, भूल, रात्रीच्या सिस्टर, फिजिओ यांना पाचपैकी पाच. माहिती देण्याला दोन. बिलाच्या काउंटरला एक, तो पण त्या मराठी फॉर्मसाठी.

आखाजीला मी माहेरी गेले तेव्हा मायने घागर उभं राहून भरली, डांगर कापलं, आणि निंबाला झोका बांधला होता तिथपर्यंत काठीशिवाय चालत आली. डावा गुडघा अजून दुखतो. तो दिवाळीनंतर, कापूस विकल्यावर, तिथेच करायचा म्हणते, फक्त भूल देणारे डॉक्टर तेच पाहिजेत ही तिची अट आहे, भावाने त्यांना आधीच फोन करून ठेवलाय. पुड्या बंद आहेत. बाजाराच्या दिवशी बाबा स्वतः तिच्यासोबत जातात.